स्तनपानातील अडचणी

स्तनपानातील अडचणी : बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाला अंगावर पाजताना आई व बाळ या दोघांना होणारे त्रास आणि त्यांवरचे उपाय. बाळाने स्तन नीट न धरणे, बोंडांना चिरा पडणे, छाती दाटणे, दूध साकळून गाठ व ताप येणे, दूध कमी येणे किंवा कमी येते असे वाटणे, हे त्रास नेहमी आढळतात. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे, पहिले 6 महिने केवळ आईचेच दूध द्यावे आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर 2 वर्षे व त्यानंतरही पाजत राहावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) भारतात तासाभरात पाजल्या गेलेल्या बाळांचे प्रमाण 41.8 टक्के, तर 6 महिन्यांखालील बाळांत केवळ आईच्या दुधावर असणाऱ्यांचे प्रमाण 63.7 टक्के आढळले. त्याच पाहणीत 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली होती. डॉक्टर आणि परिचारिका हाताशी असताना पहिला तास निम्म्याहून अधिक बाळांच्या बाबतीत निसटतो, याचा दोष आईला देता येत नाही. त्या वेळी तिला गरज असते ती शेजारी बसून बाळ लावून देणाऱ्या अनुभवी हाताची, आणि नेमका तोच गर्दीच्या प्रसूतिगृहात मिळत नाही.

वार पडली की आईच्या रक्तातले प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला दूध तयार करण्याची वाट मोकळी होते. बाळ ओढू लागले की ऑक्सिटोसिन स्रवते, दुधाच्या ग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि पान्हा फुटतो. स्तनातून जितके दूध बाहेर जाते तितके नवे बनते, हा या साऱ्या व्यवहाराचा कणा आहे. वेदना, भीती, अपुरी झोप आणि टोचून बोलणे यांनी ऑक्सिटोसिन अडते. दूध तयार असूनही ते उतरत नाही, म्हणून बाळंतिणीच्या खोलीतले बोलणे जपून असावे, हा जुन्या बायकांचा आग्रह शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही खरा आहे.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. पिवळसर, दाट आणि अगदी थोडा. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर, म्हणजे 5 ते 7 मिलिलिटर मावते. चीक तेवढ्याला पुरतो. बहुतेकींची छाती तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरते. पहिलटकरीण, सिझेरियन झालेली, मधुमेह असलेली किंवा बाळंतपणात फार रक्त गेलेली स्त्री यांच्याबाबत याला एखाद-दोन दिवस उशीर होऊ शकतो. बहुतेक घरांत गडबड होते ती याच फटीत. तिसऱ्या रात्री बाळ सारखे रडते. ‘पोट भरत नाहीये गं त्याचं,’ असे आजी म्हणते. बघायला आलेली शेजारीण ‘दूध उतरलं का?’ असे सगळ्यांदेखत विचारते. पहाटे कोणीतरी मेडिकलमधून पावडरचा डबा आणतो. ते दूध पिऊन बाळ गाढ झोपते आणि घरादाराचा समज पक्का होतो. त्या झोपेच्या तासांत मात्र स्तन ओढला जात नाही, छाती दाटून कडक होते, कडक स्तन बाळाला तोंडात धरता येत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा डबा उघडावा लागतो. आठवडाभरात खरोखरच दूध कमी होते.

‘दूध पुरत नाही’ ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे, आणि तिची शहानिशा रडण्यावरून करू नये. बाळ उष्म्याने, ओल्या लंगोटाने, नुसत्या कुशीसाठीही रडते. संध्याकाळी दोन-तीन तास ते दर वीस मिनिटांनी मागते, हेही सामान्य आहे. दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजणे अपेक्षितच असते. स्तन मऊ लागणे किंवा पिळून थेंबभरच निघणे, याही दूध आटल्याच्या खुणा नव्हेत. पाहायचे ते असे : पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत 6 किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी, काळी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी होणे आणि वजन. पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनात 7 ते 10 टक्क्यांपर्यंत घट होते व साधारण दोन आठवड्यांत ती भरून निघते. याहून जास्त घट, लघवी कमी, पाजायला उठवूनही न उठणारे सुस्त बाळ, वाढती कावीळ किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर बाळ त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खरोखर दूध कमी असणाऱ्याही स्त्रिया आहेत. स्तनातील ग्रंथींची वाढच अपुरी असणे, स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असणे, थायरॉइडचा विकार, वारेचा तुकडा आत राहणे, फार रक्तस्राव होऊन पीयूषिका ग्रंथीला इजा पोहोचणे, अशी त्याची कारणे असतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध घटते. या स्त्रियांना ‘मनावर घे, येईल’ असे सांगणे अन्यायाचे आहे. आईचे जेवढे येईल तेवढे पाजून वर डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक दूध देणे, हा त्यांच्यासाठी योग्य उपचार आहे. त्याबद्दल त्यांना खजील वाटण्याचे काहीच कारण नाही.

बाळ स्तन कसे धरते यावर बरीचशी दुखणी अवलंबून असतात, म्हणून हे नीट पाहून घ्यावे. आईने पाठ टेकून बसावे. स्वतः बाळावर वाकण्यापेक्षा बाळाला स्वतःकडे आणावे. बाळाचे पोट आईच्या पोटाला, डोके व अंग एका रेषेत, नाक बोंडासमोर. बोंड वरच्या ओठावर हलकेच फिरवले की बाळ जांभई दिल्यासारखे तोंड उघडते. त्या क्षणी त्याला जवळ ओढायचे, हनुवटी आधी स्तनात रुतली पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला असावा, बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने बराचसा तोंडात गेलेला असावा आणि गालांना खळगे पडू नयेत. आधी भराभर ओढणे, मग संथ, खोल घोट आणि मधूनमधून गिळल्याचा आवाज, ही चांगली लय. नुसते बोंड तोंडात असेल तर बाळ ते टाळूवर चिरडते, आईच्या डोळ्यांत पाणी येते आणि बाळाच्या पोटात फारसे काही जात नाही. अशा वेळी सोसत बसू नये. ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवावी व पुन्हा लावावे. सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको असेल तर कुशीवर निजून किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे घेऊन पाजता येते. बोंडे चपटी वा आत वळलेली असली तरी बहुतेक बाळे शिकतात. जीभ खाली चिकटलेली असल्याने पकड बसत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

चिरा पडल्यावर पकड सुधारणे हेच मुख्य औषध आहे. पाजल्यावर स्वतःच्या दुधाचे दोन थेंब बोंडाला लावून वाळू द्यावेत, साबण टाळावा. बरी होत आलेली जखम पुन्हा झोंबू लागली आणि बाळाच्या तोंडात न पुसले जाणारे पांढरे डाग दिसले तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता असते. औषध दोघांना एकदमच लागते. छाती दाटली असताना बोंडाभोवती बोटांनी मिनिटभर मागे दाबून धरले की तेवढा भाग मऊ होतो व बाळाला धरता येतो.

गाठ येऊन स्तन लाल होणे, हुडहुडी व ताप, ही स्तनदाहाची लक्षणे आहेत. याबाबतचा सल्ला अलीकडे बदलला आहे. पूर्वी कडक शेक, जोरात मालीश आणि स्तन पूर्ण रिकामा करणे सांगत. ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ने 2022 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार थंड पट्ट्या, सूज उतरवणारे औषध आणि नेहमीइतकेच पाजणे योग्य, जोराने चोळल्यास आतली सूज वाढते. मालीशवालीला हे स्पष्ट सांगावे. नवजात बाळाची छाती पिळून त्यातले ‘दूध’ काढण्याची रीतही तितकीच घातक आहे. स्तनदाहात दूध खराब होत नाही, पाजणे थांबवू नये. दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टर प्रतिजैविक देतात; पू झाल्यास तो काढावा लागतो.

डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खसखस, शतावरी कल्प हा आपल्याकडचा बाळंतिणीचा आहार झीज भरून काढतो आणि त्यात माया असते. दूध वाढवण्याबाबत मात्र त्याचा पुरावा तोकडा आहे. वारंवार पाजण्याला पर्याय नाही. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची काही घरांतली पद्धत सोडून द्यावी. बाळाला मात्र 6 महिने पाणीही नको, विदर्भातल्या उन्हाळ्यातसुद्धा, कारण आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. मध चाटवणे धोक्याचे. त्यातून एक वर्षाखालील बाळाला बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. वरून दूध द्यावेच लागले तर बाटलीपेक्षा उकळून घेतलेले वाटी-चमचा किंवा जुने बोंडले बरे.

कमी दिवसांच्या बाळांना ओढण्याची ताकद नसते. त्यांना उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत आणि काढलेले दूध, दोन्ही लागतात. आईचे मिळत नसेल तर दुसऱ्या आईचे दान केलेले, निर्जंतुक दूध उपयोगी पडते. आशियातील पहिली दुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली. महाराष्ट्राने या विषयात आणखीही योगदान दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांकडून घरोघर नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज आशा कार्यकर्ती दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला 3, 7, 14, 21, 28 व 42व्या दिवशी भेटते, ती त्याच वाटेने. तिसऱ्या व सातव्या दिवसाच्या भेटीत तिने पाजताना प्रत्यक्ष पाहावे, असा आग्रह घरच्यांनी धरावा. स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारी ‘बीपीएनआय’ ही संस्था 1991 मध्ये वर्ध्यात स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, 1992 मध्ये, बाळाच्या डबाबंद दुधाच्या जाहिराती व फुकट नमुने यांना बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. 2003 मध्ये तो अधिक कडक करण्यात आला.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास आईला उगाच रडू येणे सामान्य असते. दोन आठवड्यांनंतरही उदासी, झोप उडणे, बाळाची ओढ न वाटणे टिकून राहिले तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पुष्कळशी औषधे चालू असताना पाजता येते, त्यामुळे पाजण्यासाठी उपचार लांबवू नयेत.

कामावर परतण्याची अडचण उरते. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि 50 किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर बंधनकारक आहे. ऊसतोडणीला, शेतमजुरीला किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईला यातले काहीच मिळत नाही, आणि ही या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव आहे. एसटी स्थानकांवर व कार्यालयांत पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. ते कुलूपबंद न राहता स्वच्छ असणे महत्त्वाचे. काढलेले दूध झाकणाच्या स्टीलच्या डब्यात खोलीत सुमारे 4 तास, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ, आणि फ्रीजच्या आतल्या बाजूस 24 तास ठेवता येते. ते गॅसवर उकळू नये. डबा कोमट पाण्यात ठेवावा, हलकेच ढवळावा आणि बाळाने उष्टे केलेले उरले तर टाकून द्यावे.