फ्लॅश नाही, पोझ नाही, पैसे नाहीत

तर शेवटी घेतला एकदाचा. डीएसएलआर! सेकंडहँड आहे, पण माझ्यासाठी नवाकोराच. (हो, माहितीये, कंपन्या आता मिररलेसच्या मागे लागल्यात. म्हणून तर परवडला.) पुण्याहून बॅग भरून थेट घरी, सेलूला. परभणीचं सेलू नाही हो, वर्धा जिल्ह्यातलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या दिवसापासून हे वाक्य मी दर नव्या ओळखीत म्हणत आलोय.

पहिलं गिऱ्हाईक अर्थातच आजी. तिला ओसरीवर बसवलं, मान इकडे, पदर तिकडे, जरा हस. दिवेलागणीची वेळ. कॅमेऱ्याला उजेड कमी वाटला, त्यानं स्वतःच्या मनानं फ्लॅश उघडला आणि लख्खकन पेटवला. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन महिने झालेले. तिनं दोन्ही डोळ्यांवर हात घेतले. "फोटो काढून राह्यला का ईज पाडून राह्यला बाप्पा?"

दोन दिवसांत अकराशे फोटो काढले. त्यातला बरा म्हणावा असा आजीचा एकही नाही. सगळ्यांत ती पासपोर्ट काढायला बसल्यासारखी.

रविवारी बाईक काढली. पवनारला धाम नदी ओलांडून वर्धा, तिथून सेवाग्राम. शाळेच्या सहलीत तीन-चारदा पाहिलेलं, पण तेव्हा लक्ष डब्यावर. या वेळी बापूकुटीत शिरलो तर डोळे सरावायलाच वेळ लागला. मातीच्या भिंती, भिंतीवर मीराबेननी काढलेली ताडाची उठावाची झाडं आणि तो मंद उजेड. कॅमेरा बॅगेतच होता, पण डोक्यात हिशेब सुरू झाला: इथं मला आयएसओ ३२०० आणि १/६० सेकंद तरी लागेल. मग आठवलं, याच उजेडात कनू गांधींनी फोटो काढलेत.

कनू गांधी म्हणजे गांधीजींचे चुलत नात्यातले नातू, नारणदास गांधींचे चिरंजीव, जन्म १९१७. (जुहूच्या वाळूत गांधीजींची काठी धरून पुढे पळणारा पोरगा तो हा नव्हे, तो रामदास गांधींचा कनू. नेटवर या दोघांची कायम खिचडी झालेली असते.) आपले कनूभाई आश्रमात हिशेब आणि पत्रव्यवहार बघायचे. इथलं रोजचं जगणं फोटोत टिपावं ही कल्पना त्यांच्या डोक्यात घातली विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजी भावे यांनी. कॅमेऱ्याला पैसे कुठून आणणार? घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले. त्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा आला आणि एक रोल.

गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि आश्रम या उद्योगाला एक पैसा देणार नाही.

आता माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, माफ करा. रोलायफ्लेक्स म्हणजे दोन भिंगांचा कॅमेरा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. 'रिफ्लेक्स' म्हणजे आरसा, तो माझ्याही कॅमेऱ्यात आहे, फक्त माझा आरसा दर फोटोला खटाककन उडतो आणि त्यांचा जागचा हलत नाही. त्यामुळे आवाज नगण्य. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून काचेत डोकावायचं. तिथं चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे चालला की काचेत उजवीकडे जातो! रोलमध्ये बारा फोटो. बारा. मी आजीची मान सरळ करण्यातच चाळीस घालवले होते.

त्या काळची फिल्म आजच्या मापात आयएसओ १०० धरू (हे मी उदारपणे धरतोय). म्हणजे मला लागेल त्याच्या ३२ पट उजेड हवा. माझ्या १/६० च्या जागी जवळजवळ अर्धा सेकंद. अर्धा सेकंद कोण स्थिर बसतं? गांधीजी तर नक्कीच नाही. कनूभाईंच्या कित्येक फोटोंत हात हललेला आहे, चेहरा पुसट आहे. पण १९४० चा तो सेवाग्रामचा फोटो बघा, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून कुष्ठरोगाचे जंतू बघणारे गांधीजी. तिथं कॅमेरा आहे हे त्या माणसाच्या गावीही नाही.

याउलट मार्गारेट बोर्क-व्हाइट. १९४६ मध्ये 'लाइफ' मासिकासाठी ती पुण्यात आली, तेव्हा आधी चरखा शिकायला लावला आणि मग मोजून तीन फ्लॅश बल्ब मंजूर झाले. पहिले दोन वाया गेले, तिसरा लागला. चरख्यापलीकडे बसलेल्या गांधीजींचा तो फोटो जगभर गेला. फोटो महान आहे, वादच नाही. पण तो पाहुणीचा फोटो आहे. घरच्या माणसानं काढलेला वेगळा.

घरचं असणं महागातही पडतं. आगाखान पॅलेसमध्ये १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गांधीजींच्या मांडीवर शेवटचे श्वास घेत होत्या, तेव्हा गांधीजींनी फोटो काढू दिला नाही. आणि ३० जानेवारी १९४८ ला कनूभाई नौखालीत होते. पत्नी आभा गांधीजींच्या शेजारी चालत होती, दहा वर्षं मागे लागलेला कॅमेरा मात्र शेकडो मैल दूर.

घरी आलो. फ्लॅश बंद केला, आयएसओ वाढवला आणि काही न बोलता ओसरीच्या टोकाला बसलो. आजी तांदूळ निवडत होती. बऱ्याच वेळानं आजोबांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून स्वतःशीच म्हणाली, "असे कधीच बसत नोते ते." आमच्याकडे आजोबांचा तो एकच फोटो आहे, स्टुडिओतला, हात गुडघ्यांवर ठेवलेला. मी एकदाच बटण दाबलं. सुपातला हात पार हललाय, चेहऱ्यावर ग्रेन आहे.

स्क्रीन तिच्यासमोर धरली. डोळे बारीक करून तिनं बघितलं. "मी अशी दिसतो?" आणि परत तांदळाकडे वळली.