पाना आणि नोंदवही : विमान देखभालीतील एका वाटेचा इतिहास

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला वसलेले निर्मळ हे तळे, शंकराचार्य मंदिर आणि कार्तिकातील यात्रा यांसाठी ओळखले जात असले, तरी केळी, पानवेली आणि भाजीपाल्याच्या या पट्ट्याचा मुंबईतील नोकरीशी असलेला संबंध जुना असून, त्याची सोय १८६७ मध्ये सुरू झालेल्या विरार–मुंबई गाडीने करून दिली. हाच लोहमार्ग पुढे सांताक्रूझवरून जातो, जिथे स्वातंत्र्योत्तर काळात विमान देखभालीचे देशातील एक प्रमुख केंद्र उभे राहिले. हँगरमध्ये, म्हणजे विमान उभे करून तपासण्याच्या प्रचंड शेडमध्ये, हाती पाना घेऊन सुरू झालेली नोकरी कार्यालयातील टेबलापाशी जाऊन थांबणे याला तिथे बढती म्हटले जाते. हा समज पूर्ण खरा नाही, कारण या व्यवसायातील कार्यालय हँगरच्या डोक्यावर बाहेरून येऊन बसलेले नाही. ते हँगरमधील कामाच्या सहीतूनच वाढले आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून जुहूला टपाल आणले ते एका इंजिनाच्या छोट्या पस मॉथ विमानातून. अशा विमानाची देखभाल मोजक्या माणसांच्या हातात मावणारी होती. तथापि १९३४ चा विमान अधिनियम आणि त्याखालील १९३७ चे विमान नियम यांनी देखभाल अभियंत्याला परवाना आवश्यक ठरवला आणि त्याबरोबर एक तत्त्व पक्के झाले : दुरुस्ती केवळ नीट होऊन भागत नाही, ती नीट झाल्याचे परवानाधारकाने सही करून प्रमाणित करावे लागते. विमान उडण्यास सुरक्षित व नियमांप्रमाणे असणे याला उड्डाणयोग्यता म्हणतात. तिचा अर्धा पुरावा धातूत असतो आणि अर्धा कागदात.

१९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले, १९६२ मध्ये तिचा सारा ताफा जेट विमानांचा झाला आणि १९७१ मध्ये बोइंग ७४७ दाखल झाले. याच सुमारास देखभालीची पद्धतही बदलत होती. ठरावीक तासांनी सारे उघडून पाहण्याऐवजी कोणता भाग कशामुळे निकामी होतो आणि त्याचा सुरक्षिततेवर काय परिणाम होतो, हे तपासून वेळापत्रक आखण्याची रीत ७४७ च्या निमित्ताने १९६८ मध्ये अमेरिकेत मांडली गेली. परिणामी नियोजन, तांत्रिक सेवा, गुणवत्ता नियंत्रण आणि तांत्रिक नोंदी हे विभाग फोफावले, आणि त्यांत बसायला लागली ती हँगर पाहिलेली माणसे.

याचे कारण एखादे जॉब कार्ड पाहिले तरी ध्यानात येते. चाकाचा नट किती जोराने आवळायचा, त्यासाठीच्या टॉर्क पान्याची अचूकता शेवटची कधी तपासली, बसवलेल्या भागाचा अनुक्रमांक कोणता, काम कोणी केले आणि प्रमाणित कोणी केले, हे सारे त्या कार्डावर लागते. आणि लँडिंग गिअरच्या एखाद्या भागाची किती लँडिंग झाली हा आकडा चुकला, तर भाग वरून चकाचक दिसूनही त्याची मुदत संपलेली असू शकते. हाताला ग्रीस न लागलेला कारकून हा आकडा जुळवू शकेल, पण तो संशयास्पद आहे हे ओळखणे त्याला अवघड.

टेबलाकडे जाण्यामागे घरगुती हिशेबही असे. रात्रपाळी सुटून दिवसा झोपणारा माणूस शेतीवाडीकडे आणि देवळा-चर्चच्या कार्यक्रमांकडे पाहुण्यासारखा येतो. जनरल शिफ्टमध्ये ही अडचण मिटते. मात्र पाळीवाला कर्मचारी गर्दीच्या उलट दिशेने प्रवास करतो, तर कार्यालयातील बढतीची पहिली किंमत म्हणजे सकाळची विरार लोकल, आणि ती किंमत हलकी नव्हे.

या शतकात नियमावलीने हँगर आणि कार्यालय यांची ही विभागणी औपचारिक केली. नागरी विमान वाहतूक आवश्यकतांपैकी (सीएआर) सीएआर-१४५ दुरुस्ती करणाऱ्या संस्थेला, तर सीएआर-एम विमानाची उड्डाणयोग्यता सतत सांभाळणाऱ्या संस्थेला लागू होते. म्हणजे देखभाल करणे आणि ती कधी, कोणती करायची हे ठरवणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या झाल्या. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली, तेव्हा तिची अभियांत्रिकी सेवा कंपनी मात्र शासनाकडेच राहिली. टेबलापाशी गेलेल्या अभियंत्यासाठी सीएआर-६६ ची एक अट मात्र कायम आहे : मागील २४ महिन्यांत किमान ६ महिन्यांचा देखभालीचा अनुभव नसेल, तर त्याला परवान्यावरील प्रमाणनाचा अधिकार वापरता येत नाही.