खारट घामाचा इतिहास

युरोपातल्या खेड्यापाड्यांत पूर्वी एक समजूत होती. बाळाच्या कपाळाचा पापा घेतला आणि ओठांना मीठ लागलं, तर त्या बाळावर करणी झाली आहे, ते फार दिवस जगणार नाही. आपल्याकडच्या नजर लागण्याच्या गोष्टींशी ही समजूत किती जुळते, हे सांगायला नको. फरक एवढाच की या समजुतीत अर्धं सत्य होतं. करणी खोटी होती, पण मीठ खरं होतं आणि मृत्यूही खरा होता. त्या मिठामागचा आजार ओळखायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. त्याचं नाव सिस्टिक फायब्रोसिस.

या आजाराचा इतिहास मी वाचू लागलो तो ताडकळसमुळे. पूर्णा तालुक्यातलं हे गाव माझं आजोळ. तिथे माझ्या मामेभावाच्या नातवाला हा आजार आहे. निदान होईपर्यंत त्याने टीबीच्या औषधांचा कोर्स दोनदा पूर्ण केला होता. दोन्ही वेळा खोकला परतला आणि वजन काही वाढलं नाही. अखेर मुंबईत घामाची तपासणी झाली, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो असा, "हा तर गोऱ्या लोकांचा आजार ना? आपल्यात कुठून आला?" हा प्रश्न ताडकळसच्या माणसांनीच विचारला असं नाही. वैद्यकशास्त्रही बरीच वर्षं तसंच मानून चाललं होतं.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या पेशींच्या आवरणात क्षाराची ये-जा करणारी एक छोटी वाट असते. ती तयार करण्याची सूचना ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यात बिघाड असला की वाट बंद राहते किंवा नीट उघडत नाही. मग शरीरातले पाझर दाट आणि चिकट होतात. फुप्फुसात चिकट कफ साठतो आणि त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, त्यामुळे अन्न पचवणारा रस आतड्यात पोहोचत नाही. मूल भुकेलं असतं, भरपूर खातं, पण खाल्लेलं तूप-तेल शौचावाटे तसंच निघून जातं. घामातलं मीठ त्वचेपर्यंत येताना शरीराने परत शोषून घ्यायचं असतं, ते होत नाही. म्हणून कपाळ खारट.

या आजाराची पहिली नीट ओळख करून दिली ती डोरोथी अँडरसन या बाईंनी. त्यांना शल्यचिकित्सक व्हायचं होतं, पण बाई म्हणून ती वाट मिळाली नाही. त्या न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयात शवविच्छेदनाच्या कामाला लागल्या. एका मुलाच्या पोटात त्यांना स्वादुपिंड गाठाळलेलं, तंतूंनी भरलेलं दिसलं. त्यांनी जुन्या नोंदी उपसल्या, तसे आणखी मृत्यू शोधले आणि १९३८ साली ४९ मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. तोवर ही मुलं पोटाच्या दुसऱ्याच आजाराच्या यादीत जमा होती.

दहा वर्षांनी, १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उन्हाने कोसळून दवाखान्यात आलेल्या मुलांत सिस्टिक फायब्रोसिसची मुलं जास्त आहेत, हे पॉल दि सांत आग्नेसे या डॉक्टरांच्या लक्षात आलं. या मुलांच्या घामातून मीठ फार जातं, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये सिद्ध केलं. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी तपासणीची सोपी रीत दिली. हातावर औषध लावून अगदी सौम्य वीजप्रवाह द्यायचा, घाम आणायचा, तो गोळा करून त्यातलं क्लोराइड मोजायचं. लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं तर आजाराची शक्यता दाट. सुई नाही, रक्त नाही. आजही निदानाचा मुख्य आधार हीच तपासणी आहे.

आता परभणीचा उन्हाळा आठवा. पारा चाळिशीच्या वर महिना-महिना टिकतो. न्यूयॉर्कच्या लाटेने जी मुलं कोसळली, तशी मुलं आपल्याकडे जन्मली असतील, तर त्यांचं काय होत असेल? माझ्या मामीची दोन लेकरं माझ्या जन्माआधी गेली. घरात त्याला 'सुकून गेले' एवढाच शब्द होता. त्यांना काय झालं होतं हे आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि मी त्यांना या आजाराचं नाव चिकटवणार नाही. पण हगवण, कुपोषण, न्यूमोनिया आणि टीबी यांनी मुलं मरतात त्या मुलखात आणखी एक आजार त्यांच्या आडोशाने सहज लपू शकतो, एवढं नक्की. जुने लोक ज्याला 'दिक' म्हणत, त्या क्षयाची सगळी चिन्हं इथेही दिसतात. खोकला, वाळत जाणारं अंग, एक्स-रेवरचे डाग. तालुक्याच्या डॉक्टरला आधी टीबी आठवला तर त्यात नवल नाही, आपल्याकडे टीबीच जास्त आहे. चूक होते ती औषधं संपूनही गुण आला नाही, तरी पुन्हा टीबीच म्हटलं जातं तेव्हा.

भारतीय मुलांतल्या या आजाराच्या नोंदी १९६८ पासून वैद्यकीय नियतकालिकांत सापडतात. १९७४ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तीन पाकिस्तानी मुलांची नोंद छापली. पुढे परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांवरून अंदाज निघाले, ते १० हजारांत एक ते ४० हजारांत एक असे. गोऱ्या युरोपीयांपेक्षा प्रमाण कमी, पण आपली लोकसंख्या पाहता आकडा लहान नाही. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. सुशील काबरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घामाची तपासणी देशी, स्वस्त साधनाने करायची सोय उभी केली, आणि मुलं सापडू लागली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात भारतीय रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झाला. आजार आपल्याकडे होताच, तो मोजायचं साधन नव्हतं.

उपचारांचा इतिहासही असाच आहे, ठाम समजुती मोडत पुढे गेलेला. आहाराचं घ्या. चरबी पचत नाही म्हणून चरबी बंद, असा साधा हिशोब अनेक वर्षं चालला. पोट जरा शांत राही, पण मुलं वाळत. टोरांटोच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात उलटं केलं. लोणी, मलई, मांस सगळं द्या आणि पचवायला बाहेरून पाचकरस द्या. १९८८ मध्ये बोस्टन आणि टोरांटोच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. बोस्टनच्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान २१ वर्षं, टोरांटोचं ३०. फुप्फुसांची ताकद दोन्हीकडे जवळपास सारखी, मोठा फरक ताटाचा. नऊ वर्षांचं आयुष्य चरबीने दिलं, हे वाचताना मी थांबलो होतो.

म्हणून ताडकळसच्या त्या घरात आज मुलाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा असतो. शेंगदाणे, तीळ, अंडी, केळ्याचं शिकरण, ईदचा शिरखुर्मा, काहीही वर्ज्य नाही. इतर मुलांच्या सव्वा ते दीडपट उष्मांक त्याला लागतात. उन्हाळ्यात लिंबाच्या सरबतात साखरेबरोबर मीठही हात सैल सोडून पडतं. एरवी मिठाला जपणारे आपण, इथे मीठच औषध आहे.

पण जेवणासोबत पाचकरसाची कॅप्सूल हवी, आणि इथे आपल्या घरांतला खरा पेच सुरू होतो. ही औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. मामेभावाच्या मुलीने मला फोनवर हळू आवाजात विचारलं, "चाचा, ये दवा बच्चे को देनी क्या नहीं?" मी तिला मशिदीत विचारायला सांगितलं. मौलाना साहेबांनी एवढंच विचारलं, याला दुसरा इलाज आहे का? ती म्हणाली, डॉक्टर नाही म्हणतात. "फिर पहले बच्चे को दवा देव, मसला बाद में पूछो."

हे उत्तर मौलानांच्या दयाळूपणापुरतं नाही, त्याला आधार आहे. सूरह बकराच्या १७३ व्या आयतीत हराम गोष्टी सांगतानाच, नाइलाजाने, हौस म्हणून नव्हे आणि गरजेपुरतंच घेणाऱ्यावर गुन्हा नाही, असं स्पष्ट केलेलं आहे. १९९५ साली कुवेतमध्ये उलेमा आणि डॉक्टरांचा परिसंवाद झाला. त्यात डुकरापासूनचं इन्शुलिन गरजेपोटी घेण्याला मुभा दिली गेली. पाचकरसालाही तोच न्याय लागू होतो. रोजाचंही तसंच. आजारी माणसाला सवलत आहे, आणि मीठ-पाणी भराभरा गमावणाऱ्या शरीराने मे महिन्यात दिवसभर कोरडं राहणं धोक्याचं आहे. मूल मोठं होईल तेव्हा मोहल्ल्याने त्याला त्यावरून टोचू नये, एवढी अपेक्षा.

फुप्फुसांची कहाणी वेगळी. पन्नास-साठच्या दशकांत मुलांना रात्रभर दमट वाफेच्या तंबूत झोपवत. पुढे कळलं की त्याने काही साधत नाही. टिकलं ते मेहनतीचं काम, म्हणजे ओंजळीसारखा हात करून छाती-पाठीवर थापट्या, कफ सुटेल अशा रीतीने झोपवणं, श्वासाचे व्यायाम. क्लीव्हलंडच्या लिरॉय मॅथ्यूज यांनी १९५७ पासून हे सगळं आहार आणि प्रतिजैविकांसोबत एकत्र बांधलं, आणि लक्षणं बळावायची वाट न पाहता रोज करायचं ठरवलं. त्या काळी बहुतेक मुलं शाळेच्या वयापर्यंतही पोहोचत नसत. १९९२ मध्ये एका अमेरिकी अभ्यासाने दाखवलं की ज्यांचा दम चांगला, ते रुग्ण अधिक जगले. आजाऱ्याला अंथरुणात ठेवा हा सल्ला मागे पडला, पळवा हा आला. ऑस्ट्रेलियात समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या रुग्णांचा श्वास मोकळा राहतो, हे दिसल्यावर खाऱ्या पाण्याची वाफ तपासली गेली. २००६ मध्ये तिचा उपयोग सिद्ध झाला. पुन्हा मीठच.

ताडकळसमध्ये लाटा नाहीत. तिथे नेब्युलायझर आहे, तोही वीज जायच्या आत उरकायचा. पाण्याच्या बाटलीत नळी घालून फुंकून बुडबुडे काढणं आहे, बकरीमागे धावणं आहे, क्रिकेट आहे. सकाळ-संध्याकाळ हे चुकत नाही. तीन महिन्यांनी पूर्ण्याहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई. वजन, कफाची तपासणी, फुप्फुसांची मोजणी. दवाखान्यात या मुलांना एकमेकांपासून लांब बसवतात. एकाचे जंतू दुसऱ्याला घातक ठरतात, हे परदेशात रुग्णांच्या उन्हाळी शिबिरांतून कटू अनुभवाने कळलेलं आहे. समदुःखी मुलांनी एकत्र खेळायचंही नाही, असा हा आजार.

१९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॅक रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांनी बिघडलेलं जनुक शोधलं. तीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्या बिघाडावरच काम करणारी तीन औषधांची गोळी अमेरिकेत मंजूर झाली. तिथे रुग्णांचं आयुष्य पालटलं. किंमत वर्षाला सुमारे ३ लाख ११ हजार डॉलर, तेव्हाच्या दराने दोन कोटी रुपयांहून अधिक. शिवाय ती मुख्यतः ज्या बिघाडावर चालते, तो उत्तर युरोपात बहुसंख्य आहे. एम्सच्या १२० मुलांच्या २००३ मधील अभ्यासात त्याचं प्रमाण सुमारे १९ टक्केच निघालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेनमधल्या रुग्णांच्या बाजूने या औषधाच्या मक्तेदारीविरुद्ध कायदेशीर पावलं उचलली गेली. आपल्या केंद्र सरकारचं दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये आलं. २०२२ पासून त्यात ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्याचं एक केंद्र आहे. ज्या घरात हा आजार आहे, त्यांनी तिथे चौकशी करावी.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे. हा आजार मुलाला होतो तेव्हा आई-बाप दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असते. दोघेही स्वतः ठणठणीत. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारात एक. जवळच्या नात्यात लग्न झालं की दोघांकडे एकच बिघाड असण्याचा संभव वाढतो. चुलत-मावस भावंडांतली लग्नं आपल्यात होतात. मामाच्या मुलीशी लग्न मराठवाड्यातल्या अनेक हिंदू घरांतही होतं. कुणा एका समाजाकडे बोट दाखवायचं हे कारण नाही. नात्यात लग्न जायज आहे, पण फर्ज नाही. घरात एखादं मूल असं आजारी असेल, तर पुढच्या लग्नाआधी आणि पुढच्या बाळाआधी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घेणं ही शहाणपणाची गोष्ट आहे. आणि दोष एकट्या आईचा कधीच नसतो. बिघाड दोघांकडून येतो, हे सुनेला बोल लावणाऱ्या प्रत्येक घरात मोठ्याने सांगायला हवं.

या इतिहासातून सामान्य माणसाने घ्यायचं ते थोडं आहे. मूल भरपूर खाऊनही वाढत नाही, शौच तेलकट आणि फार दुर्गंधीचं होतं, छाती पुन्हा पुन्हा भरते, उन्हाळ्यात ते अचानक गळून जातं, अंगावर घाम वाळून पांढरी मिठाची पूड दिसते, आधीचं एखादं भावंड असंच गेलं आहे, यांतल्या दोन-तीन गोष्टी जरी जुळत असल्या, तरी डॉक्टरांना अदबीने विचारा, "साहेब, घामाची तपासणी करून बघायची का?" ही तपासणी १९५९ पासून जगात आहे. तिच्यासाठी सुई टोचावी लागत नाही, फक्त तिचं नाव कुणीतरी वेळेवर घ्यावं लागतं.