हलत्या चित्राचं भाडं

सकाळी उठल्या उठल्या ग्रुपवर हलणारा गुलाब, वाफाळता चहा आणि 'शुभ सकाळ' येतं ना? त्याला कोणी जिफ म्हणतं, कोणी गिफ. याच प्रकारच्या फाइलवरून एकेकाळी जगभरातल्या छोट्या प्रोग्रामरांची झोप उडाली होती. पोस्ट मोठी आहे. पण आपल्या तालुक्यात पतसंस्थांचं, दूध डेअरीचं सॉफ्टवेअर लिहिणारी जी पोरं आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

1977 आणि 78 मध्ये लेम्पेल आणि झिव्ह या दोन इस्रायली संशोधकांनी माहिती दाबून लहान करायच्या पद्धती मांडल्या. टेरी वेल्च यांनी त्यात सुधारणा केली. तिघांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं एलझेडडब्ल्यू. कल्पना आम्हा बातमीदारांना लगेच समजेल अशी आहे. बातमीत पहिल्यांदा 'जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक' असं पूर्ण लिहायचं, पुढे नुसतं 'डीसीसी'. कॉम्प्युटरही तेच करतो: पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला एक आकडा देतो आणि पुढे फक्त तो आकडा लिहितो.

वेल्च तेव्हा स्पेरी कंपनीत होते. कंपनीने जून 1983 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1985 च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. मधे 1984 मध्ये वेल्च यांचा लेख एका तांत्रिक मासिकात छापून आला. लोकांनी तो वाचला, पद्धत आवडली, वापरायला सुरुवात केली. 1987 मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने त्याच पद्धतीवर जिफ काढलं आणि सगळ्यांना सांगितलं, खुशाल वापरा. या पद्धतीवर कुणाचं पेटंट आहे हे कॉम्प्युसर्व्हच्याही गावी नव्हतं. दरम्यान स्पेरी आणि बरोज एकत्र येऊन युनिसिस झाली, आणि पेटंट युनिसिसकडे गेलं.

पुढची काही वर्षं सगळं शांत. इंटरनेट वाढलं, जिफ घराघरात पोचलं. आणि 1994 च्या डिसेंबरअखेर, ऐन नाताळच्या सुट्टीत जाहीर झालं की जिफ तयार करणारं सॉफ्टवेअर विकायचं असेल तर लायसन्स घ्या, पैसे भरा. म्हणजे मोकळ्या रानात लोकांनी घरं बांधली, आणि नंतर सातबारा घेऊन मालक दारात उभा.

इथे एक फरक समजून घ्या राव, कारण सगळी मेख त्यातच आहे. कॉपीराइट म्हणजे माझी बातमी तुम्ही उचलून छापली तर गुन्हा. तुम्ही स्वतः फिरून तीच बातमी आणली तर माझं काही म्हणणं नाही. पेटंटचं तसं नाही. तुम्ही स्वतःच्या डोक्याने, दुसऱ्याचं काहीही न बघता तीच युक्ती शोधली तरी पेटंटवाल्याचे देणेकरी. गंमत बघा: आयबीएमच्या दोन माणसांनी जवळपास हीच पद्धत शोधून स्पेरीच्या तीन आठवडे आधी अर्ज केला होता. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने दोघांनाही पेटंट देऊन टाकलं! तिथल्या तपासनिसांना जे कळलं नाही, ते घरी बसून कोड लिहिणाऱ्याला कळावं अशी अपेक्षा.

युनिसिसची बाजूही सांगतो. सुरुवातीला त्यांनी विनानफा सॉफ्टवेअरला सूट दिली होती, अनेक शाळा आणि संस्थांना फुकट लायसन्सही दिलं. पण 1999 मध्ये धोरण बदललं. बिनलायसन्सच्या सॉफ्टवेअरने केलेली जिफ चित्रं वेबसाइटवर असतील तर एकदाच 5 हजार डॉलर भरून मोकळे व्हा, असा पर्याय पुढे आला. हौसेने चालवलेल्या साइटला 5 हजार डॉलर! त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला चिडलेल्या लोकांनी 'सगळे जिफ जाळा' असा दिवस पाळला.

यातला मला आवडलेला माणूस म्हणजे थॉमस बुटेल. वेबसाइटवर आलेख, चित्रं काढायला अनेक जण वापरत ती 'जीडी' नावाची लायब्ररी त्याने लिहिली होती, फुकट वाटली होती. पेटंटपायी त्याला 1999 मध्ये तिच्यातून जिफ काढून टाकावं लागलं. पण तो नुसता रडत बसला नव्हता. घोषणेनंतर आठवडाभरात, 4 जानेवारी 1995 ला, त्याने इंटरनेटवर नव्या फॉरमॅटचा आराखडा टाकला. अनेकांनी हात लावला आणि त्यातून पीएनजी तयार झालं. तुमच्या मोबाइलमध्ये आज पीएनजी असणारच. अमेरिकेतलं युनिसिसचं पेटंट जून 2003 मध्ये संपलं, बाकी देशांतली 2004 मध्ये. मग जीडीमध्ये जिफ परत आलं.

आता आपल्याकडे. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(के) सांगतं की निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम आणि अल्गोरिदमला पेटंट नाही. 2004 च्या डिसेंबरात सरकारने वटहुकूम काढून हे दार किलकिलं केलं होतं. मार्च 2005 मध्ये संसदेत ती तरतूद वगळली गेली. सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर होतं आणि ते अडून बसले. त्याच वर्षी जुलैत युरोपच्या संसदेनेही तसाच प्रस्ताव 648 विरुद्ध 14 मतांनी फेटाळला. मात्र 'निव्वळ' या शब्दावरून कज्जे चालूच आहेत. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की प्रोग्राममुळे तांत्रिक परिणाम साधत असेल तर सरसकट नकार देता येणार नाही.

आणि ॲप अमेरिकेत विकलं की तिथला कायदा लागू. 2011 मध्ये लॉडसिस नावाच्या कंपनीने छोट्या आयफोन ॲपवाल्यांना पत्रं पाठवली. ॲपमधलं 'अपग्रेड करा' हे बटण आमच्या पेटंटात येतं, अमेरिकेतल्या कमाईच्या 0.575 टक्के द्या, अशी मागणी. एक पत्र थेट स्कॉटलंडच्या प्रोग्रामरला गेलं. आमच्या लायसन्समध्ये हे सगळे आले, असं ॲपलने कळवलं, तरी लॉडसिसने खटले भरलेच. लढायचं तर वकिलांना लाखो डॉलर, म्हणून अनेकांनी तडजोड केली. कॅस्परस्की कंपनी 2013 मध्ये लढायला ठाम उभी राहिली, तेव्हा मात्र सुनावणीच्या तोंडावर लॉडसिसने दावा मागे घेतला.

आपल्या भागात कुणाला परदेशातून अशी नोटीस आली असेल तर मेसेज करा. नाव न छापता लिहीन.