स्टार्टअपच्या यादीची कुळकथा

विंडोजचा पासवर्ड टाकून झाला, तरी घरचा संगणक लगेच हाती येत नाही. घड्याळाशेजारी एकेक चिन्ह उगवत राहतं: गाणी वाजवणारं, व्हिडिओ कॉलचं, प्रिंटरवाल्या कंपनीचं. यातलं बहुतेक आपण मागवलेलं नसतं. संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांची ही यादी मूळची मात्र पूर्णपणे मालकाची होती. ती त्याच्या हातून कशी सुटली हे कळलं, की कोणती नोंद बंद करावी हेही सोपं होतं.

संगणकाला आज्ञा आधीच लिहून ठेवायच्या आणि त्याने त्या ओळीने पाळायच्या, ही कल्पना 1960च्या दशकातली. अमेरिकेत एमआयटीच्या सीटीएसएस प्रणालीसाठी लुई पूझाँ यांनी ‘रनकॉम’ लिहिलं, तिथपर्यंत ती मागे जाते. आयबीएम पीसीवर ती 1981 सालापासून होती. त्यावरची डॉस ही कार्यप्रणाली, म्हणजे विंडोजची पूर्वज. ते सुरू झालं की ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ नावाची साधी मजकुराची फाइल शोधायचं आणि तिच्यातल्या ओळी वरून खाली चालवायचं. फाइल कुणालाही उघडून वाचता येई, नको ती ओळ खोडता येई.

खोडावी लागेही. 1984 साली बोर्लंडचं ‘साइडकिक’ आलं. ते मेमरीत बसून राही, आणि कळ दाबताच चालू कामावर वही, कॅलेंडर किंवा कॅलक्युलेटर उघडून देई. फार सोयीची गोष्ट होती ती. पण डॉसच्या प्रोग्रामांना वापरायला जेमतेम 640 किलोबाइट मेमरी, आणि असा प्रत्येक मुक्कामी प्रोग्राम तिचा एक तुकडा अडवून ठेवी. त्यामुळे कोणाला जागा द्यायची हे माणसाला स्वतः ठरवावंच लागे. 1993 च्या डॉस 6 मध्ये तर सुरू होताना एफ8 दाबलं, की ‘कॉन्फिग डॉट सिस’ या जोडफाइलीतली एकेक ओळ दाखवून, ही चालवू का, असं संगणकच विचारी. आज आपल्याला पडतो तो नेमका हाच प्रश्न.

विंडोज 3.1 मध्ये (1992) स्टार्टअपचा एक गट होता. त्यात ठेवलेली चिन्हं डोळ्यांना दिसत. खरा बदल झाला विंडोज 95 पासून. रजिस्ट्री नावाच्या मोठ्या नोंदवहीत ‘रन’ नावाची जागा ठरली. तिथे नाव लिहिलं गेलं, की लॉगिन होताच तो प्रोग्राम चालू. ही नोंद माणसाने नव्हे, प्रोग्राम बसवणाऱ्या इन्स्टॉलरने करायची, आणि बहुतेक वेळा न विचारता. या कुळकथेतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण मला हाच वाटतो. अडोबी रीडरने आपला ‘स्पीड लाँचर’ इथे आणून बसवला, क्विकटाइमनेही आपलं चिन्ह. आपला प्रोग्राम चटकन उघडावा म्हणून त्याचे काही भाग आधीच मेमरीत आणून ठेवायचे, अशी स्पीड लाँचरसारख्यांची युक्ती होती. फायदा एका प्रोग्रामचा, खोळंबा सगळ्या संगणकाचा. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला तो फार जाणवे, कारण सगळे एकदम वाचायला लागले की तिचा काटा नुसता इकडून तिकडे धावत राही. घातक प्रोग्रामांनाही ही जागा सोयीची ठरली: मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ या, आपोआप पसरणाऱ्या वर्मनेही स्वतःची नोंद याच ‘रन’मध्ये करून ठेवली होती.

यादी माणसाला पुन्हा दिसू लागली ती हळूहळू. विंडोज 98 मध्ये ती दाखवणारं ‘एमएसकॉन्फिग’ हे साधन आलं. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या ‘ऑटोरन्स’ या प्रोग्रामने लपलेल्या जागाही उघड केल्या. 2012 च्या विंडोज 8 पासून टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपचं पान आहे, आणि प्रत्येक नावापुढे परिणाम लिहिलेला असतो. प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर 3 मेगाबाइटहून जास्त वाचन-लेखन, म्हणजे ‘हाय’.

पण हा शिक्का फक्त भार सांगतो, गरज सांगत नाही. अँटिव्हायरसचा भार मोठा असू शकतो, तरी तो चालूच हवा. मराठीत रोज टंकणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: पुण्यातल्या सी-डॅकचं आयएसएम किंवा मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांसारखी साधनं कळ दाबली जाते त्या क्षणी चालू असावी लागतात. यादीत असं काही असेल आणि ते बंद केलं, तर ते हाताने उघडेपर्यंत देवनागरी उमटणार नाही. फायली सतत क्लाउडवर जाव्यात असं वाटत असेल, तर तो प्रोग्रामही राहू द्यावा. मी हाक मारण्याआधी याने जागं असायला हवं का, एवढंच प्रत्येक नावाला विचारायचं. गाण्यांचा, खेळांचा, व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम या कसोटीवर सहसा टिकत नाही. कॉलचा मात्र, न उघडता घंटी वाजायला हवी असेल, तर चालू ठेवावा. नाव ओळखीचं नसेल तर आधी ते कोणाचं आहे ते शोधावं, मग हात लावावा.

‘डिसेबल’ केल्याने प्रोग्राम संगणकावरून जात नाही. तो उघडला की चालतो, आणि नोंदही परत चालू करता येते. म्हणून एका वेळी एकच बंद करावी, संगणक पुन्हा सुरू करून काही अडतं का ते पाहावं. काही प्रोग्राम अपडेट होताना आपली नोंद नव्याने करतात, तेव्हा नवीन काही बसवलं किंवा मोठं अपडेट झालं, की स्टार्टअपचं पान पुन्हा उघडावं.