गॅसच्या कारखान्याची बाग

लालबागच्या गॅस कंपनी लेनजवळ मी वाढलो. त्यामुळे सिअ‍ॅटलला मुलाकडे आल्यावर लेक युनियनच्या काठचं ‘गॅस वर्क्स पार्क’ बघायची ओढ जरा जास्तच होती. इथं १९०६पासून दगडी कोळशाचा आणि १९३७नंतर तेलाचा गॅस काढत. १९५६मध्ये नळातून नैसर्गिक वायू आला नि कारखाना बंद पडला. मागे उरली डांबर आणि बेंझीन मुरलेली काळी माती.

१९६२मध्ये पालिकेनं जागा घेतली. कारखान्याचे गंजके मनोरे पाडून टाका, असंच बहुतेकांचं म्हणणं. उद्यानरचनाकार रिचर्ड हॅग मात्र हट्टाला पेटला. त्यानं तिथल्याच जुन्या लोहारशाळेत कचेरी थाटली आणि लोकांना बोलावून मनोरे दाखवले. माती उचलून दुसऱ्याच्या दारात टाकण्याऐवजी त्यानं तिच्यात मैल्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा कालवला, तेल खाणारे जिवाणू पोसायला. शेतात खत मुरवावं तसंच की हे! राडारोड्याची टेकडी झाली. तिच्यावर आता पतंग उडतात. पंपघरात मुलं खेळतात. १९७५मध्ये बाग खुली झाली.

हॅगचं मला पटतं. मनोरे पाडले असते तर इथं काय होतं हे कुणाला कळलं असतं? पण माती इतक्या सहज सुधारत नाही. १९८४मध्ये तपासणीसाठी बाग काही काळ बंद ठेवावी लागली, पुढेही डांबर वर येत राहिलं. तळ्याच्या गाळातलं विष अजून तसंच आहे. हिरवळीवर खुशाल लोळा; पाण्यात उतरायला मात्र मनाई आहे.