दारातला तगादा

परवा मावशीला नेकनूरला फोन केला तर म्हणाली, "थोड्या वेळानं कर गं, मीटिंग चालू आहे." मावशी आणि मीटिंग? मग कळलं, मायक्रोफायनान्सच्या हप्त्याची मीटिंग. दहा बायका, एकीची ओसरी, आणि मोटारसायकलवरून आलेला एक पोरगेलासा 'साहेब'. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय.

आपल्याकडे तगादा हा शब्द आता नुसतं मागे लागणं एवढ्याच अर्थानं उरलाय. पेशवाईत ती वसुलीची रीतसर पद्धत होती. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात तिचं वर्णन केलंय. सावकार कर्जदाराच्या दारात माणूस बसवायचा. तो घरधन्याला बाहेर जाऊ द्यायचा नाही, जेवू द्यायचा नाही. फार कडक प्रकार असेल तर सावकार स्वतःही उपाशी बसायचा! धरणं धरणं म्हणतात ते हेच. (आज मोर्चेवाले कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरतात, तो शब्द मूळचा कर्जदाराच्या उंबऱ्यावरचा.) तारण काय, तर अब्रू. शेजारीपाजारी बघताहेत, एवढं पुरे.

दुसरा शब्द 'पठाणी व्याज'. हा आमच्या भागाला जास्त जवळचा, कारण बीड निजामाच्या राज्यात. तिथे अरब आणि रोहिले मूळ शिपाईगिरी करायला आले आणि सावकारी करू लागले. शस्त्र हातातच असल्यामुळे वसुलीची वेगळी सोय करायला नको! मोठमोठे जहागीरदारसुद्धा त्यांच्या कर्जात होते. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या सालारजंगाला त्यांना आवरायला बरीच वर्षं लागली. माझी आजी पोरांना भीती घालायची ती बागुलबुवाची नाही, "रोहिला आला" म्हणून. तिच्या लहानपणी रोहिला खरंच येत होता की नुसता शब्द उरला होता, हे विचारायचं राहून गेलं.

शेजारच्या इंग्रजी मुलखात १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. त्यातून १८७९ चा दक्षिणेतल्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. नगरची हद्द आम्हाला लागून, पण कायदा हद्दीपलीकडेच थांबला. अलीकडे निजाम.

आजीच्या तोंडी अजून दोन शब्द असायचे, सवाई आणि दिढी. पेरणीला मणभर ज्वारी उचलली की सुगीला सव्वा मण नाहीतर दीड मण घालायची. चार-सहा महिन्यांत पन्नास टक्के! त्यापुढे आजचं क्रेडिट कार्डसुद्धा सोज्वळ वाटतं. स्वातंत्र्यानंतरही चित्र लगेच पालटलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या शंभर रुपये कर्जापैकी सुमारे ७० रुपये सावकारांचे निघाले, आणि सहकारी संस्थांचे जेमतेम ३.

हे आपल्याकडेच, असंही नाही. इंग्लंडात ब्रॅडफर्डला १८८० मध्ये वॅडिलोव्ह नावाच्या गृहस्थाने 'प्रॉव्हिडंट' सुरू केली. कापडचोपडासाठी चेक द्यायचे आणि दर आठवड्याला एजंटाने दारात येऊन हप्ता न्यायचा. पुढे एजंट पुष्कळदा त्याच भागातली बाई असे, तिला नाही म्हणणं जड जाई. हा दारावरचा धंदा त्यांनी २०२१ मध्ये बंद केला.

आपल्याकडे बाजारपेठेत छोट्या दुकानदारांना 'रोजाची' रक्कम देणारे असतात. दहा हजार म्हणायचे, हजार आधीच कापायचे, हातात नऊ. मग रोज शंभर, शंभर दिवस. ऐकायला दहा टक्के वाटतं. पण ते नऊ हजार काही शंभर दिवस आपल्याकडे राहत नाहीत, दुसऱ्या दिवसापासून घटायला लागतात. नीट हिशेब मांडला तर व्याज वर्षाला पंचाहत्तर टक्क्यांच्या वर जातं. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे. पण तक्रार करणार कोण? उद्या पुन्हा गरज त्याचीच पडणार.

मावशीच्या मीटिंगचं तसं नाही, ते कायदेशीर आहे. व्याज कमी, पावती मिळते. पण एकीचा हप्ता राहिला तर बाकीच्यांना उठता येत नाही, आपसांत गोळा करून भरावं लागतं. म्हणजे दारात बसवलेला माणूस आता शेजारीणच. २०१० मध्ये आंध्रात या वसुलीपायी आत्महत्या झाल्या, तेव्हा कुठे सरकार जागं झालं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावायचा नाही, आणि ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी जायचं. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "साहेबाला माहीत असंल की."

आणि बीडची खरी दारावरची उचल तर वेगळीच. कारखाना सुरू व्हायच्या आधी मुकादम घरी येतो आणि 'कोयत्या'ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. त्यातून बरेचदा आधीचंच देणं भागतं. मग घराला कुलूप, पोरं बरोबर किंवा आजीकडे, आणि पाच-सहा महिने ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. तोडलेल्या टनांतून उचल वळती होते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. किती फिटली, किती राहिली, त्याची वही मुकादमाकडे असते.